इंगवले मॅडमचा दुसरा जिना

इंगवले मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाच्या बोटांवर स्टीलची पट्टी हाणत होत्या. पट्टी आडवी नाही, धारेवर उभी. माणूस सुटातला, एका मोठ्या व्हिलाच्या मालकाने पाठवलेला. तो ओरडून मागे सरला, तशी मॅडमनी नकाशावर त्याचा हात होता त्या जागेवर पट्टीचं टोक आपटलं.

“हां. अब दिखा. ये कमरा किधर से आया?”

माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. मी दारातच थबकले. कुणी मोठ्या आवाजात बोललं तरी मी दोन पावलं मागे सरते, तेव्हाही सरायचे. बाबा मला गेटपाशी सोडून नुकतेच गेले होते. त्यांना फोन करून परत बोलवावं असं मनात आलं. पण मॅडमनी मला पाहिलं होतं.

“काय बघालीस? टेप धर हिकडं.”

मी टेप धरली. पुढची काही वर्षं धरूनच होते.

पट्टी मारण्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. नकाशा टेबलावर पसरला की समोरचा माणूस त्यावर नकळत हात ठेवतो, आणि जिथे खोट असते तिथेच ठेवतो. “तोंड सराईत असतंय गं,” त्या म्हणायच्या, “हात अडाणी. लपवायला जातोय आणि सापडतोय.” मग त्या आधी एकदा गोड आवाजात “हात उचला” असं सांगत. दुसऱ्यांदा सांगत नसत.

आमचं ऑफिस कुवेत सिटीत. मालक बू फहद, वयस्कर कुवेती इंजिनियर, मधुमेही आणि सोशिक. आम्ही घरं बांधत नाही. बांधून झालेल्या घरांची भांडणं सांभाळतो. इथे प्रत्येक जमिनीला बलदियाने, म्हणजे नगरपालिकेने, एक वर्ग दिलेला असतो. खाजगी निवासी वर्गात कुटुंबांनी राहायचं. एकट्या कामगारांना तिथे ठेवता येत नाही. गल्ली ओलांडली की गुंतवणुकीचा वर्ग लागतो, तिथे उंच इमारती आणि भाड्याचे फ्लॅट. एका गल्लीने नशीब बदलतं, म्हणून लोक वर्ग बदलून मागतात. काही जण नियमातून सूट मागतात: भिंत शेजाऱ्याच्या हद्दीकडे सरकली, गच्चीवर खोल्या चढल्या, जिना एकच राहिला. असे अर्ज समितीपुढे जातात. समिती नकाशा बघते, शेजाऱ्यांचं ऐकते, जागेवर तपासनीस पाठवते आणि मग निकाल देते. तिच्यापुढे मापं मांडायची, हे आमचं काम. इतर ऑफिसं मालकाची बाजू मांडतात. मॅडम मापंच मांडायच्या. “मापात बसला तर मालकाचं नशीब,” म्हणायच्या.

त्या कोल्हापूरच्या. बुटक्या, रुंद, मनगटं पुरुषासारखी. अंगात सैल शर्ट, पायात पुढे लोखंड असलेले साइटचे बूट. लग्नाला गेल्या तरी तेच बूट. तिकडच्या बायकांसारख्या “मी येतो, मी बघतो” असं बोलायच्या. घर तालमीच्या शेजारी होतं, लहानपणी पहाटे शड्डूच्या आवाजाने जाग यायची, असं एकदा सांगितलं होतं. त्यापलीकडे स्वतःबद्दल काही सांगायच्या नाहीत. नवरा याच देशात वारला, हे मला आईकडून कळलं. अबू हलीफा भागात आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. सकाळी लोखंडी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायच्या तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातले कप शेल्फवर नाचायचे. बाबांनी एकदा वर जाऊन मिक्सरचा विषय काढला. “मिक्सरमध्ये राग निघत नाही भाऊ,” मॅडम म्हणाल्या आणि बाबांच्या हातात चटणीची वाटी दिली. बाथरूममध्ये पाणी तुंबतं म्हणून त्यांनी घरमालकाला न विचारता स्वतःच सगळी फरशी फोडून उतार नीट केला. घरमालक भांडायला आला, उतार बघून गेला.

मलाही त्यांनी मारलं आहे, असं म्हटलं तर चालेल. मी एका इमारतीचा नकाशा काढला होता. गच्चीकडच्या जिन्याचं दार मी आत उघडणारं दाखवलं, कारण ते तसं छान दिसत होतं. मॅडमनी नकाशा सगळ्यांसमोर टराटरा फाडला. मग माझा दंड धरून मला स्टोअररूममध्ये नेलं, दाराकडे तोंड करून उभं केलं आणि ड्राफ्ट्समन सॅम्युएलला हाक मारली. दोघांनी मिळून मागून मला दारावर रेटलं. माझा गाल फळीवर चेपला, श्वास अडकला.

“आता उघड,” मॅडम माझ्या कानाशी ओरडल्या. “दार आत उघडतंय ना? मग ओढ. ओढ की!”

हँडल हातात होतं, पण दार ओढायला माझ्या आणि त्याच्या मध्ये बोटभरही जागा नव्हती. सॅम्युएल “सॉरी, सॉरी” म्हणत रेटत होता. शेवटी मी रडायला लागले तेव्हा त्यांनी सोडलं.

“मागं दोनच माणसं होती,” मॅडम म्हणाल्या. “पुस्तकातलं विसरशील, हे विसरायची नाहीस. चल, पुन्हा काढ.”

खांदा काळानिळा झाला होता. आईला मी बसमध्ये धक्का लागला असं सांगितलं.

तरी त्या सूट देण्याच्या विरोधात होत्या असं नाही. एका घरातल्या म्हातारीला जिना चढवत नव्हता. मुलाने बाहेरून लिफ्ट चढवली, ती शेजाऱ्याच्या बाजूला हातभर पुढे आली. शेजारी तिच्याच वयाचा म्हातारा. त्याच्या बैठकीचा उजेड अडत होता, म्हणून त्याने हरकत घेतली. सुनावणीआधी बलदियाच्या व्हरांड्यात तो आणि म्हातारीचा मुलगा समोरासमोर आले. आधी शब्द, मग म्हाताऱ्याने काठी घातली. मुलाने त्याची कॉलर धरली. काठीचा दुसरा घाव सूचनाफलकावर बसला आणि काच खळ्ळकन खाली आली. मॅडम मधे घुसल्या. तिसरा घाव त्यांच्या खांद्यावर बसला. त्यांनी काठी हिसकावली, गुडघ्यावर मोडली, दोन्ही तुकडे कोपऱ्यात भिरकावले, मग म्हाताऱ्यापुढे स्वतःचा खांदा करून म्हणाल्या, “यल्ला, आता मला धरून चला.”

तो शिव्या देत, त्यांना धरूनच आत गेला. समितीपुढे मॅडमनी मोडक्यातोडक्या पण खणखणीत अरबीत दोघांनाही नकाशावर बोट ठेवायला लावलं: उजेड कुठून येतो, म्हातारी कुठून उतरते. समितीने लिफ्टला सूट दिली, मात्र शेजाऱ्याकडची बाजू काचेची करायची अट घातली.

“सूट का मिळाली, कळलं?” परतताना त्या मला म्हणाल्या. “म्हातारी आहे म्हणून. नियम वाकवायला माणूस लागतोय गं. नुसता मालक असून चालत नाही.”

पुढच्या आठवड्यात त्या म्हाताऱ्यासाठी नवी काठी घेऊन गेल्या. त्याने ती दारातूनच त्यांच्या अंगावर फेकली. “जोर हाय अजून,” मॅडम गाडीत बसताना म्हणाल्या. फार खूश होत्या.

त्यानंतर ऑक्टोबरच्या उकाड्यात एक व्हिला आमच्याकडे आला.

अबू हलीफाच्याच मागच्या बाजूला, खाजगी वर्गाच्या अगदी शेवटच्या ओळीत. समोर गल्लीपलीकडे उंच इमारती. मालकाने दोन गोष्टी मागितल्या होत्या: व्हिलाला गुंतवणुकीचा वर्ग द्यावा, आणि दुसरा जिना नसल्याबद्दल सूट मिळावी, कारण तिथे मोजकी कुटुंबंच राहतात. अर्ज घेऊन आले मोघेकाका. ते मालकाच्या कंपनीत अकाउंटंट, आमच्या मंडळाचे जुने कार्यकर्ते. गणपतीत आरतीला सर्वांत पुढे.

“कुंदाताई, साधी केस आहे,” ते मॅडमना म्हणाले. हात त्यांनी खिशात ठेवले होते.

आम्ही मापं घ्यायला गेलो. दारात हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार. आडदांड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आत मोजकी कुटुंबं नव्हतीच. प्रत्येक हॉलचे जिप्समच्या पातळ भिंतींनी चार-चार तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्यात लोखंडी बंक. ओल्या कपड्यांचा आणि कांद्याचा वास. मालकाच्या साफसफाईच्या कंपनीतले कामगार होते सगळे. रात्रपाळीचे झोपले होते. मॅडम छोट्या हातोडीने भिंती ठोकत पुढे जात होत्या आणि मला सांगत होत्या, “ही खरी. ही खोटी. ही खोटी.” बू फहद त्यांना ‘उम्म मतरगा’ म्हणायचे, हातोडीची आई.

वरच्या मजल्यावर एक बारीक तरुण बंकवरून उतरला. मॅडमचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला होता.

“ताई, गावाकडच्या का तुम्ही? मी बालाजी. नांदेडकडला.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, लई काही लिहू नका. हितून काढलं तर आम्ही कुठं जावं?”

“जिना एकच आहे बाळा. खाली आग लागली तर?”

“आग लागंल तवा लागंल. एसी आज लागतंय.”

मॅडमनी भिंतीवर अशी थाप मारली की पलीकडचे दोघं दचकून उठून बसले. “गाढवा!” एवढंच म्हणाल्या आणि गच्चीकडे निघाल्या.

गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली मागितली, हारिस म्हणाला, मालकाकडे आहे. त्याच्या कमरेचा जुडगा वाजत होता. मॅडमनी हातोडी उचलून कुलपावर घातली. हारिसने त्यांचं मनगट पिरगाळलं आणि ढकललं. त्या अर्धा जिना गडगडत खाली आल्या, माझ्या पायाशी. ओठ फुटला होता. मी टेप घट्ट धरून उभी होते. मॅडम उठल्या, रुमालात रक्त थुंकल्या आणि पुन्हा वर चढल्या. हारिसने त्यांच्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं आणि बाजूला झाला. कुलूप तुटलं. बाहेरचा उजेड आणि वारा एकदम जिन्यात शिरला. दुसऱ्या दिवशी तिथे नवं कुलूप होतं, हे आम्हाला बालाजीनेच सांगितलं.

मॅडमनी समितीला जसंच्या तसं कळवलं: कुटुंबं नाहीत, एकटे कामगार आहेत, जिना एक, गच्ची बंद, दुसरा जिना बांधल्याशिवाय सूट देऊ नये. बू फहदनी कपाळ चोळलं. “कुंदा, ये मेरा पुराना क्लायंट है.” मॅडमनी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी सही केली. मालकाच्या बाजूने समितीला सांगण्यात आलं की बाई खोटं बोलते, तिथे कुटुंबंच आहेत. समितीने ठरवलं की तपासनीस जागेवर जाऊन बघतील आणि त्यांनी जे पाहिलं त्यावर निकाल होईल.

संक्रांतीनंतर मोघेकाका आमच्या घरी आले. आईने चहा ठेवला.

“वहिनी, यंदा हळदीकुंकवाला हॉल कशाला? आमच्या मालकांचा व्हिला रिकामाच आहे. खोल्या भरपूर. मुलांना आणा, खालीवर सगळीकडे बसा.”

“भाडं?”

“काय बोलता वहिनी! फक्त एक करा. त्या दिवशी बलदियाचे लोक परवान्यासाठी चक्कर मारतील. विचारलं तर सांगायचं, आम्ही इथलेच.”

आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो व्हिला कोणता हे मलाही कळलं नाही. मोघेकाकांनी नुसतं ‘समुद्राकडचा’ असं सांगितलं होतं, म्हणून मी दुसराच कुठला धरला.

मोघेकाकांनी सगळ्याचा विचार केला होता. कामगारांना बसने दिवसभरासाठी वफ्र्याला, मालकाच्या शेतावर पाठवलं. मधल्या भिंती काढल्या, बंक हलवले, पडदे लावले. कोपऱ्यात तीनचाकी सायकली ठेवल्या. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत घातले. फक्त एका गोष्टीचा त्यांनी विचार केला नाही, कारण ती त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. इंगवले मॅडम विधवा. त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावणार? पण मंडळातल्या आईच्या महिला गटाने यंदा ठरवलं होतं की बोलावताना कुणाला वगळायचं नाही. आई स्वतः वरच्या मजल्यावर गेली. मी जिन्यात होते.

“मला?” मॅडमचा आवाज आला. “आणि कुंकू लावताना कुणाचा हात थरथरला तर?”

“आमचा नाही थरथरणार.”

खलबत्ता बाजूला सरकल्याचा आवाज आला. मग, “बरं. येतो.”

आईने ऐनवेळी पत्ता कळवला, मी ऑफिसातून परस्पर गेले. गल्लीत वळले तेव्हा कळलं, हा तोच व्हिला. आत नुसती गडबड. पोरं सायकलींवर किंचाळत होती, बायका जरीच्या साड्यांत, ताटात तिळगूळ, वाणाला झाकणाचे स्टीलचे डबे. तपासनीस आधीच आले होते: एक तरुण कुवेती बाई, डोक्याला स्कार्फ, हातात टॅब, आणि एक पुरुष. कुणीतरी त्या बाईलाही खुर्चीवर बसवून हातात डबा आणि तिळगूळ दिला होता. ती संकोचून हसत होती, लाडू चावत होती. “सब इधर ही रहते हैं,” गटातल्या सामंतकाकू तिला जोरात सांगत होत्या. मोघेकाका दारात उभे, घाम पुसत.

मॅडम उशिरा आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच साडीत पाहिलं, हिरवी, काठाची. खाली साइटचे बूट. त्या उंबऱ्यात थांबल्या. छताकडे पाहिलं, मग दोरीवरच्या कपड्यांकडे. मोघेकाकांचा चेहरा पांढरा झाला.

“कुंदाताई, तुम्ही…”

“बोलवणं आहे मला,” मॅडम म्हणाल्या आणि आईसमोर जाऊन बसल्या. आईने त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मॅडम अगदी स्थिर बसल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, याचीच मला भीती वाटली.

सामंतकाकूंना उखाण्याचा आग्रह झाला. त्यांनी सुरुवात केली, पुढची ओळ आठवेना म्हणून थांबल्या. सगळ्या हसून गप्प झाल्या. त्या शांततेत भिंत खोकली.

“शेजारचा एसी,” मोघेकाका घाईने म्हणाले.

“एसीला खोकला झालाय?” मॅडम उठल्या.

त्या भिंतीला ताजा रंग होता. त्यांनी पदर खोचला, निऱ्या वर धरल्या आणि लाथ घातली. पहिल्या लाथेला तडा गेला. दुसरीला बूट आरपार गेला. मोघेकाका “अहो, मुलं आहेत, मुलं आहेत!” म्हणून ओरडत होते. तिसऱ्या लाथेला जिप्समचा बोर्ड तिळगुळाच्या ताटांवर कोसळला, पांढरी धूळ उडाली, पोरं किंचाळली. भोकातून आतले बंक दिसले. रात्रपाळीचे कामगार, बसमध्ये जागा उरली नव्हती म्हणून त्यांना आत ठेवून समोरून भिंत बंद केली होती. दार नव्हतंच. बालाजी तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होता.

पुढचं फार झटपट झालं. हारिस पडद्याचा लोखंडी दांडा उपसून धावत आला. मॅडमनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज सुकं लाकूड मोडल्यासारखा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो पुन्हा मारणार, तोच माझ्या आईने, जी बाबांशीसुद्धा कधी चढ्या आवाजात बोलत नाही, वाणाचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. एकदा नाही. त्याच्या नाकातून रक्त येईपर्यंत. पुरुष तपासनिसाने त्याला मागून कवेत धरलं. तपासनीस बाई फोनवर अरबीत ओरडत होती. तिच्या स्कार्फवर जिप्समची धूळ बसली होती.

कामगार भोकातून एकेक बाहेर आले, हळदीकुंकवाच्या ताटांमधून पाय वाचवत. बालाजी मात्र भोकातच उभा राहिला. वाकून त्याने पायातला बूट काढला आणि मॅडमच्या तोंडावर फेकून मारला. गालावर बसला.

“मिळालं समाधान?” तो ओरडला. त्याचा आवाज चिरकत होता. “उद्या लाईट तोडतील. उद्या रस्त्यावर झोपू आम्ही! पाया पडून सांगितलं हुतं ना तुम्हाला!”

मॅडमचा हात लोंबत होता. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं.

“दुसरा पण मार,” त्या म्हणाल्या. “पण बाहेर येऊन मार.”

समितीपुढे मॅडम प्लास्टर घालून गेल्या. मोघेकाकांनी तिथेही कुटुंबं हा शब्द काढला. तपासनीस बाई म्हणाली, “मी त्यांचा लाडू खाल्ला, तो छान होता. ती भिंतही मी पाहिली.” अध्यक्षांनी एकच विचारलं: खाली आग लागली असती तर भिंतीमागची माणसं कुठून बाहेर आली असती? मोघेकाकांनी नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, “मालकांना विचारावं लागेल.” वर्ग बदलायची मागणी फेटाळली गेली, सूटही. दुसरा जिना होईपर्यंत इमारत रिकामी करायचा हुकूम झाला आणि वीज तोडायचाही.

मालकाने मॅडमवर मोडतोडीची तक्रार केली. बू फहदनी मधे पडून ती मिटवली. अट एकच, बाईने देश सोडायचा. मॅडम गेल्या त्या दिवशी मी एका सुनावणीत अडकले होते, विमानतळावर आई गेली. त्यामुळे माझ्या लेखी त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे इमारत रिकामी झाली ती दुपार.

वारा सुटला होता, हवेत बारीक धूळ. गल्लीत कंपनीची जुनी बस उभी होती. कामगार गाद्या गुंडाळून बसच्या टपावर फेकत होते, पातेली पोत्यात भरत होते. कुणीतरी वर चढून दोरी आवळत होतं. मॅडमनी मला गाडी थांबवायला लावली आणि ड्रायव्हरकडे गेल्या.

“किधर ले जा रहा है?”

“वफ्रा. खेत पे.”

“कमरा कैसा है?”

“मालूम नहीं, मॅडम.”

त्या बसमध्ये चढल्या. “उतर बाई,” आतून कुणीतरी म्हणालं. एकाने त्यांची पर्स दारातून बाहेर फेकली. मी ती उचलून दिली. त्यांनी ती गळ्यात अडकवली.

“मॅडम, तुमचा हात…”

“मी खोल्या बघून येतो. तू घरी जा.”

बस निघाली. मी घरी गेले नाही. मागोमाग गाडी घेतली. हायवेच्या सिग्नलला बस माझ्या शेजारीच येऊन थांबली. धुळकट काचेतून आतलं दिसत होतं. त्यांना कुणीही जागा दिली नव्हती. त्या मधल्या वाटेत उभ्या होत्या, डाव्या हाताने दांडा धरून, ड्रायव्हरकडे बघून ओरडत. त्यांच्यामागच्या सीटवर बालाजी होता, मान खिडकीकडे वळवलेला.

सिग्नल सुटला. ड्रायव्हरने गचका दिला. मॅडमचा हात दांड्यावरून सुटला आणि त्या मागे गेल्या. बालाजीने झटक्यात उठून त्यांना धरलं, हाताला येईल तिथे; आला तो प्लास्टरचा हात. मॅडमचं तोंड वासलं. मला काही ऐकू आलं नाही, पण ती किंकाळी होती. दुसऱ्या हाताने त्या त्याच्या छातीवर, गालावर, मिळेल तिथे मारत सुटल्या. त्याने दोन्ही डोळे मिटून घेतले, मान खाली घातली आणि सगळा मार खाल्ला. हात मात्र सोडला नाही. बस वेग घेऊन पुढे गेली तेव्हाही त्याने त्यांना तसंच धरून ठेवलं होतं.